गोधड्यांचा स्टुडिओ

या, असे पुढे सरकून बसा. सतरंजी मोठी आहे, पण माझा आवाज आता पूर्वीसारखा मागपर्यंत जात नाही. बुवांची गाडी अजून वाटेत आहे, पेटी सुरात आहे, समया लावून झाल्या आहेत. तोवर एक हकीकत सांगते. तिच्यात संत नाहीत, राजे नाहीत, चमत्कारही नाही. मोबाइलवरच्या खेळात बंदुका घेऊन पळणारी तीन माणसं आहेत आणि त्यांच्या रिकामटेकड्या गप्पा आहेत. पण त्या गप्पा रंगात आल्या होत्या तेव्हा तिघांपैकी एक जण मरणाच्या वाटेला लागला होता. ते त्याला ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. त्या दुपारी सगळ्यांत जास्त हसवलं त्यानंच.

"ताई, उजवीकडे पाहा. पत्र्याच्या खोलीमागे दोघं लपले हायेत," श्रीरंग माझ्या कानात म्हणाला.

"दिसत नाहीत रे."

"दिसतीन कसे? तू आभाळाकडे पाहून राहिली. बोट खाली ओढ."

"ताई कीर्तनातही अशीच," मोरेश्वर तिकडून बोलला. "बोटं पेटीवर अन् डोळे छताले."

श्रावणातला रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती. मी परतवाड्याला माझ्या खोलीत पलंगावर बसले होते, कानात हेडफोन. मोरेश्वर काळमेघ पुण्याला, कंपनीच्या नोकरीत. आणि श्रीरंग गावंडे वर चिखलदऱ्याला. तिथल्या एका निवासी शाळेत संगीत शिकवायला तो महिन्याभरापूर्वीच गेला होता. आम्ही तिघंही जनार्दनबुवांची साथ करत वाढलेली माणसं. मी पेटीवर, श्रीरंग पखवाजावर, मोरेश्वर झांज घेऊन मागे उभा. बुवा गेले, आम्ही पोटामागे तीन गावांना पांगलो, आणि तिघांना एकत्र बसायला उरला तो हा मोबाइलवरचा खेळ. मला तो खेळ कधी धड आला नाही. मी दोघांचे आवाज ऐकायला यायची.

खेळाला नियम श्रीरंगनं घातला होता. मोरेश्वर डाव ऐन भरात असताना उठून कधी दार उघडायला जायचा, कधी कुकर बंद करायला, आणि इकडे आम्ही दोघं मरायचो. तेव्हा श्रीरंग म्हणाला होता, बुवांच्या कीर्तनात आपण कधी मधातच उठलो काय? पाय मुंग्यांनी भरले तरी आरतीपर्यंत बसलो ना? मग इथेही तेच. डाव सुरू होताना तिघांनी मिळून गजर म्हणायचा, आणि गजर झाला की डाव संपेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. आम्हाला ते आवडलं. तेवढ्यानं त्या बंदुकांच्या खेळालाही जरा सोवळ्यात घेतल्यासारखं वाटायचं.

त्या दुपारीही गजर झाला होता.

"चिखलदऱ्याला धुकं काय म्हणते?" मी विचारलं.

"धुकं? ताई, ढग दार वाजवून आत येते. भिंतीले हात लावला तर ओला होते. पखवाजाची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ओलीनं अशी उतरली का वाजवलं तर पोळपाट वाजवल्यासारखं वाटते."

"मग उद्याचा व्हिडिओ?" मोरेश्वरनं विचारलं.

"होईन ना. तयारी चालू हाय."

श्रीरंग पखवाजाचे धडे व्हिडिओ करून टाकायचा. पाहणारे मोजकेच. पण त्यांतल्या एकानं खाली लिहिलं होतं की आवाज घुमतो आणि बाहेरच्या जीपचे हॉर्न ऐकू येतात. तेवढं श्रीरंगच्या जिव्हारी लागलं.

"काय सांगू तुम्हाले," तो म्हणाला, "खोलीचा स्टुडिओच केला मी. मालकाच्या घरून चार गोधड्या आणल्या. दोन खिडकीवर, एक दारावर, एक मागच्या भिंतीले. दाराच्या फटीत जुनं धोतर कोंबलं. आता बाहेर हत्ती नाचला तरी ऐकू नाही येत."

"गोधड्यांचा स्टुडिओ," मोरेश्वर म्हणाला. "बाळंतिणीची खोली म्हन ना सरळ."

आम्ही हसलो. श्रीरंग सगळ्यांत मोठ्यानं हसला. हसताना त्याला एक जांभई आली, ती मला ऐकू आली.

खेळात आम्ही एका ओसाड गावात शिरलो होतो. पुढे गुडघ्याएवढं कुंपण होतं आणि माझा माणूस त्याला धडका देत उभा राहिला होता.

"हे मला कळत नाही," मी म्हणाले. "पाठीवर तीन बंदुका आहेत, गच्चीवरून उडी मारतो, आणि हे एवढंसं कुंपण याला ओलांडता येत नाही."

"सगळ्या खेळात तसंच असते ताई. राक्षस मारते, पण कुंपण म्हटलं का हात टेकते. अन् त्या गोष्टीच्या खेळातले गावकरी पाहिले तू? दहा वेळा जाऊन बोल, दहाही वेळा एकच वाक्य. उत्तरेकडे जाऊ नका, तिकडे अंधार आहे. अबे, मी उत्तरेकडूनच आलो ना."

"सिनेमात काय कमी आहे?" मोरेश्वरला विषय मिळाला. "मले एकच गोष्ट सहन होत नाही. फोन येते. पलीकडचा म्हणते, खुनी कोन ते मले समजलं, पण फोनवर सांगता येत नाही, भेटून सांगतो. काहून बे? नाव सांग अन् ठेव फोन. हा गाडी काढते, अन् मधातच मरते."

"माझा राग कपांवर," मी म्हणाले. "मालिकेत बाई चहाचा ट्रे आणते. कप रिकामे असतात. हातावरून कळतं ना, त्यात वजन नाही ते. चाळीस लाखांचा बंगला उभा करतात आणि घोटभर चहा टाकत नाहीत."

"ताईनं वजन पकडलं," मोरेश्वर म्हणाला. "अन् खोकला? पहिल्या भागात माणूस एकदा खोकलला का समजायचं, हा मध्यंतरापर्यंतच हाय."

"माहं दुखणं वेगळं हाय," श्रीरंग म्हणाला. "सिनेमातला पखवाज. हात धुमावर अन् आवाज शाईचा. साध्या माणसालेही दिसते बे." धुम म्हणजे पखवाजाची कणीक लावलेली, घुमणारी बाजू, शाईची बाजू तिच्या समोरची, खणखणीत. त्याचं खरंच होतं.

मग व्हिडिओंचा विषय निघाला. भाजीत मीठ घालण्याआधी दहा मिनिटं स्वतःची कहाणी सांगणाऱ्या बायका. लाल बाण दाखवून आत काहीच नसलेले व्हिडिओ. मोरेश्वरला लोकांना फोन करून फसवणारे व्हिडिओ फार आवडायचे, तो आम्हाला ते पाठवायचा. मी म्हणाले, फसलेल्या माणसाचं तोंड मला पाहवत नाही. तो म्हणाला, ताई, गंमत असते, शेवटी सांगतात ना त्याले. मी म्हणाले, सांगतात तेव्हाचंच तोंड पाहवत नाही.

"माहं दुखणं वेगळं हाय," श्रीरंग मधेच म्हणाला. "सिनेमातला पखवाज. हात धुमावर अन् आवाज शाईचा."

"झालं ते सांगून," मोरेश्वर म्हणाला.

"हो काय?" श्रीरंग हसला. "डोकं जड झालं बे. दुपारची झोप नाही झाली."

खेळ चालू राहिला. आम्ही तिघं एका पडक्या घरात लपलो. बाहेर गोळ्या चालल्या होत्या. मोरेश्वर कुठल्याशा मालिकेतल्या सासूची नक्कल करत होता. आणि पुन्हा श्रीरंगचा आवाज आला, त्याच चालीत, तेच शब्द.

"माहं दुखणं वेगळं हाय. सिनेमातला पखवाज..."

मोरेश्वर गदगदून हसला. "ताई, हा खेळातला गावकरी झाला. उत्तरेकडे जाऊ नका, श्रीरंगबुवा."

श्रीरंगही हसला, पण त्याचं हसू आमचं संपल्यावर सुरू झालं, आणि कारण विसरल्यासारखं चालूच राहिलं.

मी हसले नाही. माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. श्रीरंगला एक खोड होती. बोलताना त्याची बोटं टेबलावर ठेका धरायची. टेबल नसेल तर गुडघ्यावर. माइकमधून तो ठेका आम्हाला सतत ऐकू यायचा, घड्याळाच्या टिकटिकीसारखा. असतो म्हणून लक्षात येत नाही. जनार्दनबुवा म्हणायचे, हा पोरगा झोपेत कुशीवर वळला तरी समेवर वळेल. त्या ठेक्यावर डोळे मिटून मी आयुष्यातली किती कीर्तनं वाजवली त्याला हिशेब नाही.

आणि आता सम आली, आणि बोट आलं नाही. मागाहून आलं, घरंगळल्यासारखं.

"मोरेश्वर, ऐकलंस?"

"काय?"

"त्याचा ठेका."

"नेट अडकून राहिलं असन त्याचं. ढगात बसला हाय तो."

"नेट अडकलं तर बोलणंही अडकलं असतं. शब्द वेळेवर येतात, बोट मागे राहतं." मी मोबाइल तोंडाजवळ धरला. "श्रीरंग, तुला बरं वाटतंय ना?"

"डोकं दुखून राहिलं ताई. अन् मळमळते थोडं. सकाळचे पोहे असतीन."

"खिडकी उघड जरा."

"खिडकीवर गोधडी हाय ना. दोन खिळे ठोकले. अन् उघडली का ढग आत येईन, पुडी पुन्हा उतरन. आत्ता कुठे चढून राहिली ती."

"चढून राहिली म्हणजे? कशानं?"

"शेगडीनं," श्रीरंग म्हणाला. "मालकानं कोळशाची शेगडी देल्ली. पखवाज शेकत ठेवला. मस्त ऊब झाली खोलीत. नारदाच्या वीणेलेही एवढी..." वाक्य तिथेच राहिलं.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. माझी आई या कामात सगळ्या गल्लीला हवी असायची, आणि तिचा एक हट्ट असे. कितीही थंडी असो, शेगडी आत आली की दार चार बोटं उघडं. कोणी लोटलं तर ती उठून पुन्हा उघडायची. लहानपणी मी तिला विचारलं होतं, का गं? ती म्हणाली होती, धूर दिसतो तो बरा, न दिसणारा माणसाला थोपटून निजवतो. ते आईचे शब्द मला त्या पलंगावर बसल्याजागी ऐकू आले.

"श्रीरंग, ऊठ. दार उघडून बाहेर जा. आत्ताच्या आत्ता."

"डाव हाय ना चालू."

"डाव गेला खड्ड्यात. ऊठ."

"गजर झाला हाय ताई," तो समजूत घालावी तसं म्हणाला. जीभ जड झाली होती. "नियम मीच केला अन् मीच मोडू? बुवांच्या कीर्तनात उठलो काय कधी?"

"काय झालं ताई?" मोरेश्वरचा आवाज बदलला होता.

"कोळशाची शेगडी बंद खोलीत आहे. त्यानं माणूस मरतो. श्रीरंग, बुवांची शपथ आहे तुला. मी सांगते ऊठ."

बुवांच्या शपथेनं तो हलला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी पडलं, मऊ, आणि त्याच्यामागून काहीतरी जड. मग श्रीरंगचा श्वास, माइकच्या अगदी जवळून. हेडफोन त्याच्या कानात तसेच होते.

"ताई," तो आश्चर्यानं म्हणाला, "हे पाय कोनाचे हायेत? ऐकत नाहीत."

खेळात त्याचा माणूस दारात ताठ उभा होता. समोरून कोणी अनोळखी आले आणि त्यांनी त्याला आरामात टिपलं.

मोरेश्वर एकदम बोलू लागला. त्याच्याकडे दुसरा फोन होता. त्यानं रुग्णवाहिकेला कळवलं. ते म्हणाले, घाटात धुकं दाट आहे, निघतो, पण वेळ लागेल. मी परतवाड्याहून निघाले असते तरी घाट चढायला तास लागला असता. त्याच्या घरमालकाचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. शाळेला सुट्टी होती, तिथला फोन नुसता वाजत राहिला. चिखलदऱ्यात आमच्या ओळखीचं माणूस एकच होतं, आणि ते जमिनीवर पडलं होतं.

"त्याचे व्हिडिओ," मोरेश्वर म्हणाला. "पहिल्याच व्हिडिओत त्यानं दारातून धुकं दाखवलं होतं. खाली एक टपरी होती. पाटी होती तिच्यावर. ताई, त्याले बोलत ठेव. झोपू देऊ नको."

मी बोलत ठेवायचा प्रयत्न केला. नाव विचारलं, त्यानं सांगितलं. आईचं नाव विचारलं, त्यानं स्वतःचंच पुन्हा सांगितलं. मग "हूं" आलं. मग तेही येईना. श्वास तेवढा, मधे मोठाली जागा सोडून.

तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. पेटी पलंगाशेजारीच होती. मी झाकण काढलं, फोन तिच्यावर ठेवला आणि रामकृष्णहरीचा गजर धरला. कीर्तन करणाऱ्याचा दम गेला की बाकीच्यांनी गजर उचलायचा, ही आमची रीत. गजर उठला आणि पखवाज्याचा हात गप्प राहिला, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

दोन आवर्तनं नुसती गेली. तिसऱ्यात टक् असा आवाज आला. फरशीवर बोट. समेच्या किती मागे होतं ते सोडा, आलं होतं.

मी गात राहिले. माझा सूर हलत होता, भाता नीट हलत नव्हता. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

मोरेश्वरला पाटी सापडली. धुक्यातून लाल अक्षरं दिसत होती: चहा, भजी, भुट्टा, आणि खाली ऑर्डरसाठी फोन नंबर. त्यानं फोन लावला. दोन्ही फोन स्पीकरवर होते, म्हणून पलीकडचा आवाज मला त्याच्या माइकमधून ऐकू येत होता.

"कोन बोलते?" बाईचा आवाज.

"मावशी, मी पुण्याहून बोलतो. तुमच्या टपरीच्या वरच्या खोलीत एक मास्तर राहते ना, त्याच्या खोलीत..."

"आलं ध्यानात," ती शांतपणे म्हणाली. "आग लागली असन."

"नाही, आग नाही, शेगडी हाय आत, तो पडला हाय."

"मागच्या खेपेले असाच फोन केला, मावशी, तुमच्या पोराची भुट्ट्याची गाडी पेटली म्हने. मी बादली घेऊन त्या टेकडीपर्यंत धावली. तिथे तुम्ही मोबाइल धरून हसत होते. आता गिऱ्हाईक चहा पिते अन् मले विचारते, मावशी, बादली कुठे हाय? अजून हसायचं राहिलं काय तुमचं?"

फोन बंद झाला.

मोरेश्वर अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, तो व्हिडिओ मी पाहिला हाय. मी तुम्हाले दोघालेही पाठवला होता."

मी गजर थांबवला नाही.

त्यानं पुन्हा लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. माझ्या कानात टक् आलं, फार बारीक, नखानं खरवडल्यासारखं. तिसऱ्यांदा तिनं उचलला आणि म्हणाली, "पोलिसात देईन."

"द्या," मोरेश्वर म्हणाला. तो रडत होता, पण शब्द सुटे सुटे येत होते. "माहं नाव मोरेश्वर काळमेघ. हा माहा स्वतःचा नंबर हाय. मी तुमच्यावर हसलो होतो. वरच्या खोलीत श्रीरंग गावंडे मरून राहिला. दार तोडा. एवढंच सांगायचं हाय."

पलीकडे टपरीवरचा स्टोव्ह फरफरत होता. कोणी गिऱ्हाईक काहीतरी मागत होतं. इतका वेळ गेला की मला वाटलं, तिनं फोन तसाच फळीवर ठेवून दिला.

"ते गानं कोन म्हनून राहिलं?" तिनं विचारलं.

"त्याची बहीण," मोरेश्वर म्हणाला. मी त्याची कोणी नव्हते, पण त्यानं खोटं सांगितलं असं मला तेव्हा वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

मग चपलांचा आवाज सुरू झाला. दगडी पायऱ्यांवरून, भरभर. ती बाई धापा टाकत स्वतःशीच बोलत होती. खोटं असलं तर पाहून घेईन, खोटं असलं तर तुमच्या मायबापाले फोन लावीन. पायऱ्या संपल्या. दारावर थाप पडली. तीच थाप क्षणभरानं मला पुन्हा ऐकू आली, श्रीरंगच्या खोलीच्या आतून, गोधडीमागून, बुजलेली. एकच थाप दोनदा ऐकली आणि मला कळलं की ती खरंच तिथे पोचली आहे.

"मास्तर," ती ओरडली. "ओ मास्तर."

आतून काही नाही. फरशीवरचं बोटही नाही. माझ्या गजराला आता कोणी उत्तर देत नव्हतं.

कडी आतून होती. ती खिडकीकडे गेली. काच फुटल्याचा आवाज आला, पण गोधडी खिळ्यांनी ठोकलेली होती. कापड फाटायचा आवाज बराच वेळ चालला. मधे ती एकदा कळवळली. मग खोकल्याचा आवाज, मग आत उडी पडल्याचा. शेगडी लवंडली असावी, निखारे फरशीवर सांडल्यासारखं वाजलं. मग कडी. आणि मग दार उघडल्याबरोबर असा वारा आत आला की दोन्ही फोनांतून फक्त घों घों ऐकू यायला लागलं. त्या आवाजात मी गात होते की नाही, ते मला आठवत नाही.

किती वेळानं तो आवाज थांबला, सांगता येणार नाही. मोरेश्वर "मावशी, मावशी" म्हणत होता.

"दारात ओढून आनला," ती शेवटी म्हणाली. दम लागला होता. "तोंड लाल झालं, टमाट्यासारखं."

"श्वास आहे का?" मी विचारलं. मी तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते.

ती वाकली असावी. तिचे केस फोनला घासल्याचा आवाज आला.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही रडू नका. मंद हाय, पन हाय."

श्रीरंग वाचला. अमरावतीच्या इस्पितळात तो दिवसचे दिवस पडून होता. आठवण परत आली, पाय परत आले. हात मात्र पूर्वीचे आले नाहीत. आता कीर्तनाला आम्ही तिघं पुन्हा एकत्र साथीला बसतो, आणि वाजवता वाजवता तो मधेच कुठे तरी हरवतो. मग मी पेटीवर तोच सूर धरून ठेवते, मोरेश्वर झांज हलकी करतो, आणि तो परत येईपर्यंत आम्ही पुढे जात नाही. बुवा नवे आहेत, पण समजून घेतात.

त्या बाईला भेटायला आम्ही वर गेलो, श्रीरंगला घेऊन. रुखमी कासदेकर तिचं नाव. मनगटापासून कोपरापर्यंत टाके होते. मोरेश्वर तिच्या पाया पडायला वाकला तेव्हा तिनं पाय मागे घेतले आणि आधी चहा घ्या म्हणाली. मी न राहवून विचारलं, तुम्हाला तर वाटलं होतं, पुन्हा फसवतायत. मग आलात कशा?

ती चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "हसले असते तर हसले असते. एक बार सवय झाली होती ना."

रुखमीला जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या आषाढात मी तिच्या टपरीवर गेले होते. आता तिचा मुलगा चहा करतो. आत तिचा फोटो लावलेला आहे, हार घातलेला. पण तो फोटो कसा आहे सांगू? पदर उडालेला, तोंड उघडं, डोळे भीतीनं मोठे, हातात बादली. मुलगा खाली मान घालून म्हणाला, आईनं कधी फोटो काढू दिला नाही, हाच एक मिळाला, त्या व्हिडिओतला. आलेले लोक ओळखतात आणि अजून कोणी कोणी हसतं.

ती दुसऱ्यांदा धावली तेव्हा तिच्यासमोर कोणी मोबाइल धरलेला नव्हता. पण धावताना तिचं तोंड असंच दिसलं असणार, मला खात्री आहे.

गाडीचा आवाज येतोय, बुवा आले वाटतं. मी पेटीवर जाते. तुम्ही एवढं करा. आज गजराला हात जोडाल तेव्हा मनातल्या मनात चिखलदऱ्याच्या रुखमीची आठवण काढा.